खारीला पाच, केकला चार, अक्षराचं मला विचारू नका

आधी खारी. लोक खारीसाठीच जातात, आणि ज्याला तेवढंच कळायचंय त्यानं हा परिच्छेद वाचून थांबलं तरी चालेल. बेळगावच्या कॅम्पातली ही बेकरी, भट्टी अजून लाकडाची. संध्याकाळी पाचच्या सुमाराला खारीचा दुसरा घाणा निघतो, तोच घ्यायचा. हातात घेतली की वजन लागत नाही, मोडली की शर्टावर पापुद्रे, आणि चहात बुडवली तर तीन मोजेपर्यंत टिकते. चार मोजलात तर कपाच्या तळाशी शोधा. पाव सकाळी सहाला. टोस्ट कडक, दात असणाऱ्यांसाठी. नानकटाईत वेलदोडा जरा जास्त, सांगून सांगून थकलो. खारीला पाचपैकी पाच, पुढं काहीही लिहिलं तरी हे पाच कमी होत नाहीत.

बेकरीचं नाव लिहीत नाही. पुढं वाचलात की का ते कळेल.

मी पेंटर. भिंतीचा नाही, बोर्डाचा. रामदेव गल्ली, गणपत गल्ली, खडेबाजार, शहापूर, चाळीस वर्षं अक्षरं काढत फिरलोय. फ्लेक्स आलं आणि काम आटलं. मग 2024 ला बोर्डावर साठ टक्के कन्नड पाहिजे असा कायदा झाला, आणि थोडे दिवस पुन्हा ब्रश ओला राहिला. ह्या बेकरीचा बोर्डही मीच तेव्हा बदलला. कन्नड मोठं, त्याखाली इंग्रजी, आणि उरलेल्या पट्टीत मराठी. मालक खाली उभे राहून म्हणाले, "पेंटर, मराठी जरा वाचता येईल अशी काढा की." मी शिडीवरून म्हटलं, "कायद्यात बसते तेवढी काढलीय." दोघंही हसलो. बिलातले दोनशे त्यांनी कापले ते वेगळं.

तर केक. माझ्या भाचीचं लग्न होतं. लग्न म्हणायचं की नाही ह्यावरच पुढचं सगळं रामायण आहे. (ख्रिस्ती माणसानं रामायण म्हणावं का, असं विचारणारेही आमच्याकडे आहेत. त्यांना नमस्कार.) भाची पुण्यात फिजिओथेरपिस्ट. तिची जोडीदार निपाणीची, पुण्यातच वकिली करते. दोघी मुली.

कागद होण्यासारखा नव्हता. 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगून टाकलं की लग्नाचा असा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि 1954 च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टची वाक्यं आम्ही बदलणार नाही, ते संसदेचं काम. इथवर पाचही एकमतानं. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि दुसरे एक म्हणाले, निदान ह्यांच्या नात्याला कायद्यानं ओळख द्या. उरलेले तिघं त्यालाही नाही म्हणाले. मग फेरविचाराचे अर्ज झाले, ते 9 जानेवारी 2025 ला फेटाळले. भाचीचा फोन आला. "मामा, आता वाट नाही बघत. फेब्रुवारीत आपल्या गच्चीवर जेवण घालते. तू केकचं बघ."

एक कागद मात्र त्यांनी गाठला होता. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ खात्यानं खुलासा केला की अशा जोडप्यांना बँकेत जॉइंट खातं काढायला, एकमेकांना नॉमिनी लावायला काही आडकाठी नाही. दोघींनी लगेच खातं काढलं. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मला आला. नावं एकाखाली एक. बँकेच्या मशीनचं अक्षर, त्यात बघण्यासारखं काय असणार, तरी बराच वेळ बघत बसलो.

निपाणीला बोलणी करायला मी आणि बहीण गेलो. बोलणीच म्हणायची, दुसरा शब्द कुठं आहे? मुलीचे वडील तंबाखूच्या व्यापारातले, माणूस शांत. चहा आला, भडंग आलं, पंखा फिरत राहिला. शेवटी ते म्हणाले, "मुलगी मुलीबरोबर राहणार म्हणते, ते मी दोन वर्षं गिळतोय. पण ख्रिश्चन?"

बहीण माझ्याकडे बघायला लागली, मी कपाकडे. त्यांच्या सौ. गडबडीनं सावरायला गेल्या. "तसं नव्हे हो. उलट बरंच की, तुमच्यात हे चालतं ना!"

आमच्यात चालतं! परतीच्या बसमध्ये बहीण हसायला लागली ती हत्तरगीच्या टोलपर्यंत हसत होती. तिथून पुढं बेळगावपर्यंत रडली.

आमच्यात काय चालतं ते सांगतो. आम्ही मेथडिस्ट. मे 2024 मध्ये अमेरिकेत शार्लट गावी युनायटेड मेथडिस्ट चर्चची परिषद चालू होती, तिथं त्यांनी समलिंगी पाळकांवरची आणि अशी लग्नं लावण्यावरची बंदी काढली. दुसऱ्या दिवशी इथल्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाहाकार. मेथडिस्ट बुडाले, शेवटचा काळ आला, हात जोडल्याची चित्रं. आपली मेथडिस्ट चर्च इन इंडिया 1981 पासून स्वायत्त आहे, शार्लटचा ठराव आपल्याला लागू होत नाही, असं पाळकसाहेबांनी दोन वेळा लिहिलं. वाचतो कोण? एकानं तर लिहिलं की आता नाताळची वर्गणीसुद्धा अमेरिकेला जाते का ते तपासा.

अशात भाचीचं कळलं. बहिणीच्या घरी प्रार्थनासभा ठेवली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं घरात कोणी आजारी आहे. बायबलातल्या रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचला, अशा संबंधांना दोष देणारा. मग मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, त्यातले दोघं वयानं माझ्याहून लहान, कारण शोधायला बसले. बाप लवकर गेला. आई नर्स, रात्रपाळ्या. पोरीला पुण्याला होस्टेलला ठेवलं. मोबाइल. एकानं तर बहिणीला विचारलं, "पोटात होती तेव्हा काही भीती बसली होती का, काही धक्का?" आणि बहीण मान खाली घालून खरोखरच आठवायला लागली. सत्तावीस वर्षांपूर्वीचं. ते मला बघवेना. मी उठलो आणि योहानाच्या नवव्या अध्यायातली गोष्ट सांगितली. जन्मापासून आंधळा माणूस रस्त्यात बसलाय, शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कुणी केलं, ह्यानं की ह्याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, ह्यानंही नाही, त्यांनीही नाही.

एक वडील लगेच म्हणाले, "म्हणजे भाची आंधळी आहे हे तुम्हालाही मान्य आहे तर."

चोख बोलला. मी खाली बसलो. ज्या सदोम गावाचा नाश ह्याच पापानं झाला म्हणतात, त्या गावचा गुन्हा म्हणजे गर्व, भरलेलं पोट आणि गरिबाला हात न देणं, असं यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, हे मला घरी आल्यावर सापडलं. माझं उत्तर नेहमी घरी आल्यावर येतं.

उठता उठता सगळ्यांचं एकमत झालं की हे बाहेरून आलंय. परदेशी खूळ. मला हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी, म्हणजे घराणं प्रभूत यायच्या आधी, सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगाप्पा दारात जोगवा मागायला येत. साडी, बांगड्या, कपाळाला भंडारा, डोक्यावर देवीचा जग म्हणजे मूर्तीची टोपली, हातात चौंडकं. पुरुषासारखा बाप्या बाईच्या वेशात, आणि आजीची आई त्याच्या पाया पडून परडीत जोंधळे घालायची. जोगाप्पा आणि माझी भाची ही एकच गोष्ट नाही, तेवढं मला कळतं. पण ह्या जिल्ह्यानं वेगळं काही बघितलंच नाही, आणि जे आलं ते विमानातून आलं, असं कुणी म्हणू नये. सौंदत्ती काय अमेरिकेत आहे?

आता ऑर्डर. जेवणाच्या पाच दिवस आधी गेलो. तीन किलो, बटरक्रीम, आत संत्र्याचा स्वाद. वर दोन नावं आणि खाली "शुभविवाह". घरी कागदावर पूर्ण मापात आखून नेलं होतं, ऱ्हस्व-दीर्घासकट. भाचीच्या नावात "रु" आहे, तो ह्या बेकरीत नेहमी "रू" होतो.

मालक मूळचे गोव्याकडचे, कॅथलिक. घरी कोंकणी, गिऱ्हाइकाशी मराठी, भट्टीवरच्या पोरांशी कन्नड. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद वाचला, पुन्हा वाचला.

"दोन्ही नावं बायकांची दिसतात."

"बरोबर दिसतात."

कागद काउंटरवर ठेवून त्यांनी त्यावर हात ठेवला, जसा वाऱ्यानं उडेल म्हणून ठेवतात. "नावं काढतो. केक नंबर एक करतो. विवाह नको."

"का वो?"

"पोपनी आशीर्वाद चालतो म्हटलंय, लग्न म्हणू नका म्हटलंय."

मी वाद घालायच्या तयारीत होतो, पण माणूस अक्षरशः बरोबर होता. डिसेंबर 2023 मध्ये, 18 तारखेला, म्हणजे ह्यांची भट्टी नाताळच्या केकांनी रात्रंदिवस पेटलेली असताना, व्हॅटिकननं तेच पत्रक काढलं होतं. अशा जोडप्याला पाद्रीनं आशीर्वाद द्यायला हरकत नाही, पण तो विधी होता कामा नये, लग्नासारखे कपडे, खुणा, शब्द त्यात नकोत. दोन वर्षं आधी, 2021 ला, त्याच खात्यानं म्हटलं होतं की देव पापाला आशीर्वाद देऊ शकत नाही, तेव्हा पाऊल पुढंच होतं म्हणायचं. मालकांनी ते पत्रक जसंच्या तसं केकला लावलं. आशीर्वाद तीन किलो, विवाह शून्य ग्रॅम.

मग आवाज खाली आणून म्हणाले, "शिवाय तुम्हाला माहीत आहे की, पेंटर."

मला माहीत होतं. 2021 च्या डिसेंबरात इथंच, सुवर्णसौधात, विधानसभेनं धर्मांतराविरुद्धचं विधेयक मंजूर केलं. त्या आठवड्यात दोन पोरं मोटारसायकल बंद न करताच काउंटरशी आली आणि विचारून गेली, फुकट पाव कुणाकुणाला वाटता म्हणून. वाटत होते ते खरंच. रात्री उरलेल्या लाद्या मागच्या दाराशी येणाऱ्यांना द्यायचे, मालकांच्या वडिलांपासूनची रीत. त्या दिवसापासून बंद. आता उरलेला पाव टोस्टात जातो. टोस्ट कडक का असतो, तर असा.

पावाचं आणि आमचं हे जुनं आहे. विहिरीत पाव टाकला, गावानं पाणी प्यायलं आणि गाव बाटलं, ही गोष्ट शाळेत मला पोरं हसून सांगायची. "तुमच्या पणज्यानं किती पाव खाल्ला रे?" आता मोबाइलवर आम्हाला तांदळाची पिशवी म्हणतात, म्हणजे तांदळासाठी बाटलेले, पाव जाऊन भात आला एवढाच फरक. मुद्दा असा की माणूस आपल्या डोक्यानं, आपल्या मनानं काही झाला असेल हे समोरच्याला पटतच नाही. कुणीतरी काहीतरी पाण्यात टाकलं असणार. बहिणीच्या घरच्या त्या सभेत होस्टेल, मोबाइल, रात्रपाळी अशी यादी चालली होती तेव्हा मला सारखी ती विहीरच दिसत होती, आणि काठावर आमचेच वडील वाकून बघतायत.

मालकांना म्हटलं, उद्या सांगतो. त्या रात्री निपाणीच्या वकीलबाईंना फोन केला. तिला राग येईल असं वाटलं होतं, ती हसली. म्हणाली, "मामा, केकवर दोन देशांच्या सुप्रीम कोर्टांनी निकाल दिलेत." कोलोराडोतल्या एका बेकरीवाल्यानं 2012 ला दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करायला नकार दिला. वाढदिवसाचा देतो, बिस्किटं देतो, लग्नाचा नाही. 2018 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या कोर्टात तो सात विरुद्ध दोन जिंकला. पण जिंकला कशावर? केक नाकारणं बरोबर की चूक हे कोर्टानं ठरवलंच नाही, राज्याच्या आयोगानं त्याच्या धर्माबद्दल तुच्छतेनं बोलून सुनावणी घेतली, एवढ्यावर. दुसरा बेलफास्टचा. तिथं गिऱ्हाइकाला केकवर समलिंगी लग्नाला पाठिंबा द्या असं वाक्य हवं होतं. बेकरीनं 2014 ला आधी ऑर्डर घेतली, मग फोन करून नाही म्हटलं. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर 2018 मध्ये एकमतानं सांगितलं, नकार माणसाला नव्हता, वाक्याला होता. तेच वाक्य दुसऱ्या कुणी मागितलं असतं तरी मिळालं नसतं.

"मग आपले मालक कुठले? कोलोराडोचे की बेलफास्टचे?"

"कॅम्पातले," ती म्हणाली. मग वकिलासारखी सांगायला लागली. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानांत प्रवेश नाकारू नये आणि विहिरी, तलाव, रस्ते वापरू देण्यात भेद करू नये हे एकाच जागी लिहिलंय. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, ह्यांवरून. दुकान आणि विहीर एकाच कलमात! मी तिला विहिरीच्या पावाचं सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "पण मामा, तो आपल्याला दुकानातून हाकलत नाहीये. एक शब्द अडलाय. केस कशाला, तुम्ही अक्षरवाले ना?"

झोप लागली नाही. त्याचं कारण मालक नव्हते.

सप्टेंबर 2018 च्या 6 तारखेला सुप्रीम कोर्टानं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमातून दोन सज्ञान माणसांच्या संमतीचं प्रेम बाहेर काढलं. दोन-तीन दिवसांनी कॉलेजची दोन पोरं माझ्याकडे आली. सहा फूट कापड, त्यावर एक ओळ लिहून हवी होती, प्रेम हा गुन्हा नाही अशा अर्थाची. मी म्हटलं, गणपतीची कामं आहेत. खोटं नव्हतं. त्या वर्षी चतुर्थी 13 ला होती, मंडळांचे बोर्ड भिंतीला लावून रांगेत उभे होते. पण सहा फूट कापडाला किती वेळ लागतो? तासभर. पोरांनी कापड घडी करून पिशवीत घातलं आणि थँक्यू अंकल म्हणून गेली. भाची तेव्हा फिजिओच्या दुसऱ्या वर्षाला होती, सुट्टीत घरी आलेली, आत पोहे खात होती. तिनं ऐकलं की नाही मी आजवर विचारलं नाही. मालकांनी निदान तोंडावर कारण सांगितलं. मी गणपतीला पुढं केलं, आणि मी मेथडिस्ट.

दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं, नावं तुम्ही काढा, खालची जागा मोकळी सोडा, क्रीमचा कोन मला द्या. मालक थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैसे दिले की केक तुमचा. माझ्या टेबलावर तुम्ही काय करूलालाय ते मी बघत नाही."

जेवणाच्या दिवशी सकाळी दहाला गेलो. केक तयार, पांढरा, कडेनं शिंपल्याची नक्षी. नावं काढली होती भट्टीवरच्या एका पोरानं, बैलहोंगलकडचा, विशीचा. कन्नड अक्षर मोत्यासारखं, मराठी मात्र टांगल्यासारखं, आणि अर्थात "रू". कागद समोर चिकटवलेला असताना "रू". मी काही बोललो नाही, शेपूट सुरीनं खरवडून ऱ्हस्व केलं.

मग खाली "शुभविवाह". चाळीस वर्षांत हा शब्द किती वेळा काढला असेन, कापडावर, पत्र्यावर, ट्रकच्या मागं, मांडवाच्या कमानीवर. डोळे मिटून येतो. पण ब्रश ओढायचा असतो आणि कोन सोडायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ब्रशला पत्रा सामोरा येतो. क्रीमला खाली काहीच लागत नाही, तुम्ही हवेत लिहिता आणि ते पडतं. "शु" बरा झाला. "भ"च्या गाठीला जास्त दाबलं, तो फुगला. "वि"ची वेलांटी मी सवयीनं वरून एका झोकात टाकली, ती अर्ध्यात तुटली आणि "भ"वर आडवी झाली. "वाह" लिहायला जागा उरते की नाही अशी अवस्था. फोन कानाला लावून मालक दाराशी पाठमोरे उभे. फोनवर पलीकडे कोणी होतं असं मला वाटत नाही, चकार शब्द बोलत नव्हते.

तो बैलहोंगलचा पोरगा आला. म्हणाला, "बिड्री, ना माडतीनी." सोडा, मी करतो. टूथपिक ओली करून त्यानं पडलेली वेलांटी उचलली, सरळ उभी केली, "भ"चं फुगलेलं पोट सुरीच्या टोकानं आत घेतलं. मग माझ्या हातातून कोन घेऊन "वाह" त्यानंच सोडलं. एकदाही कागदाकडे न बघता. मी विचारलं, मराठी येतं का वाचायला? म्हणाला, थोडं. पण हा शब्द रोजचाच की, कन्नडातही शुभविवाहच. शिरोरेखा मात्र मी मारली. ती मी कुणाला देत नाही.

मालक वळले, केक बघितला, आणि डबा बंद करून दोरी बांधायला घेतली. दोरीची गाठ त्यांनी दोनदा सोडून परत मारली.

गच्चीवर चाळीसेक माणसं. केकची चव सांगतो, नाहीतर हा कसला अभिप्राय. स्पंज हलका, सुकलेला नाही, बटरक्रीम साखरेनं कचकचत नव्हतं, म्हणजे नीट फेटलेलं. संत्र्याचा इसेन्स एक थेंब जास्त, गोळीसारखा लागत होता. खालचा पुठ्ठा हलका दिलाय, तीन किलोला दोन पुठ्ठे पाहिजेत, गच्चीच्या जिन्यात मधोमध वाकला आणि "ह"ला चीर गेली. एवढ्यासाठी एक तारा कापला. केकला चार.

पाळकसाहेबांनी आधीच फोन करून सांगितलं होतं, उपासना घेता येणार नाही, जेवायला येईन. आले. जेवणाआधीची प्रार्थना केली, अन्नासाठी आणि ह्या घरासाठी. घरात कोण कोण ते मोजलं नाही. केक कापायच्या आधी निघाले. निपाणीच्या काकू आल्या, दोघींचीही ओटी भरली, दोन खण, दोन नारळ, माझ्या बहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा ओटी भरताना बघितलं आणि पदर कसा धरायचा ते भाचीला शिकवायला स्वतःच चुकीचा धरून दाखवला. काका आले नाहीत. गाडी मात्र त्यांचीच होती, ड्रायव्हर पोटभर जेवून गेला.

पुण्याहून त्यांचे मित्र आले होते. त्यातला एक मुलगा, चांगला, हुशार, हातात केकची बशी घेऊन मला म्हणाला, "अंकल, खरं तर हे सगळं तुमच्या धर्मानंच केलंय. 377 इंग्रजांनी आणलं, ख्रिश्चन नीतीतून."

कलम इंग्रजांनी आणलं हे खरंच आहे. 1860 ची दंडसंहिता, मेकॉलेच्या मसुद्यावर उभी केलेली. आणि 2009 ला दिल्ली हायकोर्टानं कलम सैल केल्यावर त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात जे गेले त्यांत ख्रिस्ती संघटना होत्या, हेही खरं. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, ज्योतिषी होता, बाकीचेही होते, पण आमचे होते. ते मला वाचून माहीत आहे आणि त्याची लाज वाटते. पण त्या मुलानं "तुमच्या" म्हटल्यावर मला शाळेतली विहीर आठवली. मी म्हटलं, "1860 ला आमचा पूर्वज खानापूरच्या रानात दुसऱ्याच्या म्हशी राखत होता. त्याला मेकॉलेनं विचारलं असेल असं वाटत नाही." तो ओशाळला. लगेच म्हणाला, तसं नाही म्हणायचं मला. मी म्हटलं, केक खा, तो पाव नाही, बाटायचा नाहीस. हसला बिचारा, पण त्याला पावाचं माहीत नव्हतं, उगाच हसला.

बिल नंतर खिशात सापडलं. मालकांच्या हातचं, मराठीत, कारण मी मराठीत मागतो. "बर्थडे केक, 3 किलो." खाली रक्कम, आणि त्यातून शंभर रुपये कमी केलेले. कशाचे ते लिहिलेलं नाही. ते मी पेंटिंगचे समजलो. वकीलबाईंना फोटो पाठवला. तिनं उत्तरात फक्त लिहिलं: कोलोराडो.

नाव का लिहीत नाही ते आता कळलं असेल. एका बाजूला मोटारसायकलवाली पोरं, दुसऱ्या बाजूला आमचे वडील, तिसरीकडून पुण्याची हुशार मुलं येऊन एक तारा ठोकून जातील. त्या माणसाची भट्टी चालू राहिली पाहिजे, मला खारी लागते.

जाणाऱ्यांसाठी. रविवारी दुपारी बारानंतरच उघडते, चर्चमधली मिसा आटोपल्यावर. गाडी लावायला जागा नाही. केकची ऑर्डर पाच दिवस आधी, तीन किलोच्या पुढं असेल तर पुठ्ठा डबल मागून घ्या, आपणहून देत नाहीत. नाव मराठीत हवं असेल तर ऱ्हस्व-दीर्घ कागदावर मोठं करून न्या आणि बैलहोंगलच्या पोराकडेच द्या. शनिवारी संध्याकाळी अर्धा तास मी त्याला बसवतो, बटर पेपरवर. "रु" आता बरोबर येतो. "श"ला अजून मार खातो.